बॅट वरून खाली आणायची की चढती न्यायची?

न्यूजर्सीचा बाबा: मुलगा अकरा वर्षांचा, इथे बेसबॉल खेळतो. कोच सांगतात, लाकूड फोडल्यासारखी बॅट वरून खाली आण. मला हे साफ चुकीचं वाटतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उंचवट्यावरून टाकतो, चेंडू बॅटरकडे उतरतच येतो. लहान मुलांत दोघांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी, ४६ फूट, असलं तरी वेग कमी, म्हणून उतार मोठ्यांपेक्षाही जास्त. बॅट खाली येत असेल तर बॅट आणि चेंडूच्या वाटा एका क्षणापुरत्या छेदतात. किंचित चढती असेल तर बॅट चेंडूच्या रेषेत जास्त वेळ राहते, अंदाज थोडा चुकला तरी टोला बसतो. १९४१ मध्ये .४०६ सरासरी (म्हणजे दर दहा प्रयत्नांत साधारण चार यशस्वी टोले) काढणाऱ्या अमेरिकन बॅटर टेड विल्यम्सचंही चढत्या बॅटबद्दल हेच म्हणणं होतं.

जळगावकर: भूमिती बरोबर, पण पोराला भूमिती सांगून चालत नाही. मी इथे सॉफ्टबॉल शिकवतो. ‘वर मार’ म्हटलं की मागचा खांदा पडतो, बॅट लांबून फिरून येते आणि उशीर होतो. ‘खाली आण’ म्हटलं की तीच बॅट जवळपास सपाट येते. कोचचे शब्द आणि शरीर प्रत्यक्षात करतं ते, यांत फरक असतो. तुमचे कोच अनाडी नाहीत.

गोफणवाला: तुम्ही दोघंही बॅटच्या टोकाकडे बघताय, ताकद पायांतून येते. पुढचा पाय टेकला की आधी कंबर वळायला हवी, खांदे तेव्हा मागेच. मग पुढचा गुडघा ताठ होतो, कंबर थांबते आणि तो वेग धडाला, तिथून हातांना, शेवटी बॅटला मिळतो. शेतात गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आणि बॅटचा वेग ताशी १ मैल वाढला तर टोल्याचा वेग साधारण १.२ मैल वाढतो. पिचरच्या चेंडूचा वेग तेवढाच वाढला तर जेमतेम ०.२. लांब टोल्यांसाठी प्रसिद्ध बॅटर जियानकार्लो स्टँटनची बॅट ताशी ८० मैलांच्या आसपास फिरते, ते उगाच नाही.

जळगावकर: मग लुईस अराएझ? मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा, तिच्यात दोन लीग) सर्वांत संथ बॅटांपैकी एक त्याची, तरी २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगळ्या संघांकडून, त्या दोनपैकी आपल्या लीगमधली सर्वोच्च सरासरी त्याचीच. ताशी ९५ मैलांचा चेंडू ०.४ सेकंदात पोचतो. त्यात बॅटचा मधला भाग नेमका चेंडूवर आणणं हीसुद्धा कार्यक्षमताच. अकरा वर्षांच्या पोराला आधी तेच शिकवा.

गोफणवाला: अराएझचीही कंबर खांद्यांच्या आधीच वळते. क्रम चुकला की नेमकेपणाही जातो, कारण हात एकटे बॅट ओढायला लागतात.

न्यूजर्सीचा बाबा: संध्याकाळी फोनवर स्लो मोशन काढला. कंबर आणि खांदे एकदमच वळतायत, पुढचा गुडघा वाकलेलाच राहतो. हे मला दिसलंच नव्हतं, मी फक्त बॅट बघत होतो. आठवडाभर तेवढंच करून घेणार, बॅट हातात न देता. चढत्या बॅटबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, शनिवारी कोचशी त्यावर बोलणार आहे.