गेलेल्या मुलाचा क्लोन: आईबापांना परवानगी द्यावी का?

सत्तरीकर:
आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आलं तेव्हाही 'देवाच्या कामात ढवळाढवळ' म्हणून ओरड झालीच होती. आज बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ते मोफत होतं. मग एकुलतं एक मूल गमावलेल्यांना त्याच्याच पेशीपासून, क्लोनिंगने, तसंच मूल का नको? मानकुराद आंब्याचं कलम म्हणजे क्लोनच की. त्याला कोणी पाप म्हणत नाही.

फोंड्याची मास्तरीण:
कलम धरलं नाही तर तुम्ही काडी फेकता आणि दुसरी बांधता. पोराचं काय कराल? १९९६ ची डॉली ही क्लोन मेंढी २७७ प्रयत्नांतून जन्मली, तीही एकटीच. माणसात हे प्रयत्न कोणाच्या पोटावर करायचे? आणि एवढं करून येईल तो गेलेला मुलगा नव्हेच. उशिरा जन्मलेलं त्याचं जुळं भावंड, तेही मेलेल्याच्या जागेवर बसवलेलं.

सत्तरीकर:
तंत्र सुधारतं, बाई. शांघायला दोन क्लोन माकडं झाली, २०१८ मध्ये बातमी आली. आणि अपेक्षांचं ओझं म्हणाल तर डॉक्टरच्या पोराला ते क्लोन न होताही वाहावं लागतं.

फोंड्याची मास्तरीण:
ती माकडं गर्भातल्या पेशींपासूनची. त्याच प्रयोगात मोठ्या माकडाच्या पेशींपासून जन्मलेली दोन्ही पिल्लं लगेच मेली. तुमचे आईबाप कुठल्या पेशी घेऊन येणार?

म्हापशेकर:
तुम्ही दोघं मुलावरच अडलात. क्लोन भ्रूण गर्भाशयात न ठेवता त्यातून रुग्णाच्याच मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, उपचारासाठी काढायच्या, हे २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला जमलंय. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सरसकट मानवी क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. उपचाराची वाट बंद होऊ नये म्हणून. बरोबरच केलं.

माशेलची नर्स:
क्लोन भ्रूणाला बाईचं बीजांड लागतं. ती बीजांडं कोणाची, ते कोणी बोलतच नाही. कोरियातल्या ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने अशा मूलपेशींसाठी दोन हजारांवर बीजांडं वापरली, काही त्याच्याच प्रयोगशाळेतल्या मुलींची. वर संशोधन खोटं निघालं. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीतूनच तशा मूलपेशी केल्या. बीजांड नको, भ्रूणही नको.

म्हापशेकर:
रुग्णाच्या मायटोकाँड्रियातच (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात) दोष असेल तर यामानाकांच्या पद्धतीत तोही सोबत येतो. दुसऱ्या बाईच्या बीजांडात रुग्णाच्या पेशीचं केंद्रक (गाभा) घातलं की टळतो.

माशेलची नर्स:
तेवढ्यापुरतं मान्य. पण आयव्हीएफसारख्या उपचारांच्या २०२१ च्या कायद्यात बीजांडदाती आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त सात बीजांडं देऊ शकते, तीही मूल हवं असलेल्यांसाठी. रोजची इंजेक्शनं, फुगलेलं पोट, वर भूल. तुमच्या संशोधनासाठी हे सोसायला कुठल्या घरच्या बायका येतील, ते आधी सांगा.