मदत हवी आहे: रत्नागिरीत दोन दिवस, सोबत आई

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नाशिकहून गाडीने रत्नागिरीला निघतोय. १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मघर आणि संध्याकाळी भाट्याचा किनारा, एवढं नक्की आहे. राजवाडा सोमवारी उघडा असतो का? रत्नदुर्गावर भगवती मंदिराच्या किती जवळ गाडी जाते? आईचे गुडघे दुखतात.

खरी अडचण जेवणाची. पोरांना सुरमई हवी आणि रोज गंगेवर (म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर) जाणाऱ्या आईला मासळीचा वाससुद्धा चालत नाही. मागे एका ठिकाणी ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी बघून बसलो, तर सोलकढीच्या ग्लासालाच सुकटीचा वास! बिचारी दोन केळी खाऊन झोपली. वालाची उसळ, घावने असं घरगुती शाकाहारी कुठे मिळेल? आमची सुरमई आम्ही नंतर वेगळी बघू.