खिडकीत चार कुंड्या ठेवून नक्की काय मिळतं? हर्ब्ज लावणाऱ्यांनी सांगा

कोरी_कुंडी
माझ्याकडे बाग वगैरे काही नाही, एक खिडकी आहे. सकाळी मस्त ऊन येतं, दुपारनंतर नुसता उजेड. तिथे पुदिना, बेसिल, कोथिंबीर असं काहीतरी लावायचं बरेच दिवस डोक्यात आहे, पण घरात विषय काढला की "जुडी विकत मिळते ना, मग मातीचा पसारा कशाला" इथेच गाडी अडते आणि खरं सांगायचं तर मलाही त्यावर धड उत्तर देता येत नाही. पैसे वाचतात, ताजं मिळतं हे सगळं ऐकून झालंय, ते नको. ज्यांनी लावलंय त्यांना मजा नेमकी कशात येते? आणि सुरुवात कशाने करू तेही सांगा प्लीज.

शेंडेखुड्या
पैशांचं सोडूनच द्या, कुंडी माती खत धरलं तर हिशोब लावण्यात अर्थ नाही. मजा वासात आहे. बेसिलचं पान उलटं करून भिंगातून बघा एकदा, बारीक चकचकीत ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. त्या पानाच्या पृष्ठभागावरच असतात म्हणून नुसता हात घासला तरी फुटतात, पाणी घालताना मनगट लागलं तरी वास हाताला राहतो आणि मग आपण उगाच दिवसभर हात नाकाशी नेत बसतो 😄 विकतच्या जुडीत हे मिळत नाही कारण आपल्यापर्यंत येईस्तोवर ती चार हातांतून गेलेली असते.

आणि दुसरं म्हणजे खुडणं. शेंड्यात जे ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. पेराच्या जरा वर शेंडा खुडला की तो दाब जातो आणि दोन्ही पानांच्या बेचक्यातून फुटवे येतात, एकाचे दोन. नंतर ते दोन खुडा, चार. नवीन लोक जीव तुटतो म्हणून खुडतच नाहीत, मग रोप उंच काडीसारखं वाढतं, फुलावर येतं आणि संपतं. बिनधास्त खुडा हो, फक्त एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

आधी_ऊन_बघा
वरचं बरोबर आहे पण सरसकट लावू नका, कोथिंबीर त्यात बसत नाही. उष्णता वाढली की ती फुलांचा तुरा काढते, मग कितीही खुडा पानं बारीक होत जाणार, त्याला इलाज नाही. तिची गंमत वेगळी, पेरण्यात आहे. एक धणा म्हणजे दोन बिया असतात, हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या, पूड नाही करायची, रात्रभर भिजवायच्या आणि ज्या कुंडीत वाढवायच्या तिथेच पेरायच्या कारण तिचं मूळ सरळ खाली जातं, रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसते. उगवायला आठवडा ते पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त, तेवढ्यात माती उकरून बघायची नाही (सगळे बघतात). सगळे धने एकदम न पेरता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने मूठ मूठ पेरा म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी येते.

रोझमेरी, थाइम यांचा स्वभाव अगदी उलटा. मूळची भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या खडकाळ जमिनीतली झाडं, ती प्रेमाने रोज पाणी घालणाऱ्यांकडेच मरतात. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. खताचंही तेच, नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं मोठी होतात पण वास पातळ.

पुदिनावाली
पुदिन्यापासून सुरू करा, वाद नको. जुडीतलीच एक जाड काडी घ्या, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, साध्या काचेच्या ग्लासात. काही दिवसांत पेरांतून पांढऱ्या मुळ्या डोकावतात, रोज सकाळी उठून आधी तो ग्लास बघायची सवय लागते, मजा मजा म्हणजे हीच. पण कुंडी त्याची एकट्याची हवी, त्याचे धावरे (आडव्या धावणाऱ्या फांद्या) मातीखालून पसरतात आणि शेजाऱ्याला जगू देत नाहीत.

जाता जाता, पुदिन्याची काडी दोन बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. बेसिल, ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी सगळं एकाच कुळातलं, चौकोनी काडी ही त्याची खूण. रोझमेरीला तर २०१७ मध्ये सेज या हर्बच्या वंशात (जीनसमध्ये) टाकलं, आता शास्त्रीय नाव साल्व्हिया रोस्मारिनस. ती आणि सेज एका घरातली हे पानं चुरडून वास घेतला तर पटतं.

कोरी_कुंडी
भारीच! भिंग नाहीये पण फोनचा कॅमेरा झूम करून बघते. एक शंका, फुलं आली तर काढायचीच का? आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडला तर औषध मारायचं का, खायची पानं आहेत म्हणून भीती वाटते.

शेंडेखुड्या
पानं हवी असतील तर बेसिलच्या मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या, नाहीतर रोपाचा सगळा जोर बियांकडे जातो. पण एखादं रोप मुद्दाम फुलू द्या, मधमाश्या येतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलांवर माशीसारखे पिवळे-काळे पट्टेवाले किडे येतात, एका जागी हवेत तरंगतात, त्यांना हाकलू नका. त्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावाच खातात. औषध नकोच, आधी पाण्याचा जोरात फवारा पानांच्या मागच्या बाजूने मारा, बहुतेक मावा तेवढ्याने धुऊन जातो.

आणि कोथिंबीर तुऱ्यावर आली म्हणून उपटून टाकू नका, हिरवे धने होऊ द्या. तो हिरवा दाणा दाताखाली फोडून बघा, धड पानाची चव नाही, धड वाळल्या धन्याची नाही, दोन्हीच्या मधलंच काहीतरी आणि एकदम तीव्र. ज्याच्या घरी झाड आहे त्यालाच हा दाणा सहज मिळतो.

आधी_ऊन_बघा
तुमच्या खिडकीचं बघता पुदिना आधी, तो अर्ध्या सावलीत भागवतो. बेसिलला पाच-सहा तास ऊन लागतंच, सकाळचं तेवढं पडत असेल तर दुसऱ्या नंबरला तो. थाइम-रोझमेरी सध्या नको. कुंडीच्या तळाला भोक बघून घ्या, आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकत जा.