पाहायला नको, काम काढून जा

*गुरुवार, पोळ्याला आठ दिवस*

सेक्रेटरी (ए-१०२): सर्व सभासदांना सूचना. उद्या सकाळी ८ ते ११ वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

बी-५०२: नमस्कार. माझे सासू-सासरे पुण्याहून आलेत, रविवारी परत जातात. दोघंही साठीच्या पुढचे, पण चालायला दणकट. शनिवार पूर्ण मोकळा आहे. आम्हाला नागपूरच्या बेसा भागात येऊन दीड वर्ष झालं, पण मिहान, मॉल आणि विमानतळ एवढंच नागपूर माहीत. जुनं गाव दाखवायचं तर कुठून सुरुवात करावी?

सी-१०१: फुटाळा. संध्याकाळी.

डी-२०२: दीक्षाभूमी आधी. बाकी सगळं नंतर.

बी-५०२: दीक्षाभूमीला कालच जाऊन आलो. सासूबाई स्तूपाच्या आतून उठायला तयार नव्हत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं किती माणूस जमला असेल, एवढंच विचारत होत्या.

ए-६०३: झिरो माइल!! भारताचा मध्य. रील मस्त येते तिथं

ए-२०१ काका: अरे पोट्ट्या, मध्य-बिध्य सोड. तो मोजणीवाल्यांचा खांब आहे. १९०७ चा. समुद्रसपाटीपासून उंची १,०२०.१७१ फूट म्हणून कोरलं आहे, इंचाच्याही आतला हिशेब. आणि खांबावर कोणकोणत्या गावांचं अंतर आहे ते वाचलं का कधी? हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा. मुंबई नाही, पुणं नाही. तेव्हा आपली दिशा ती होती. रील कर, पण वाचून कर.

ए-६०३: ओके काका 🙏

बी-३०४ काकू: सीताबर्डीचा किल्ला दाखवता आला असता तर बरं झालं असतं, पण तो वर्षातून तीनच दिवस उघडतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. परवाच तर १५ ऑगस्ट होऊन गेला. चुकलं ना.

सी-१०१: किल्ल्यात इंग्रजांनी बांधलेलंच तर आहे सगळं. लढाई झाली १८१७ च्या नोव्हेंबरात, आप्पासाहेब भोसले हरले, मग त्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. खालून पाहिला तरी चालते.

ए-२०१ काका: बी-५०२, जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाच.

मी जन्मलो महालात. बेसाला आलो कारण मुलानं फ्लॅट घेतला. म्हणजे माझ्या बोलण्यात पक्षपात आहे हे आधीच धरून चाल. जुन्या नागपुरात पॉइंट नाहीत. पॉइंट शोधत गेलीस तर अर्ध्या तासात गर्दीला कंटाळून परत येशील. महाल म्हणतात, पण भोसल्यांचा मोठा महाल १८६४ च्या आगीत गेला. नाव तेवढं राहिलं. मग पाहायचं काय? तर वार पाहायचे.

इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिवारी. ज्या वारी जिथं बाजार भरे तो वार त्या वस्तीला चिकटला. आता शुक्रवार घे. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, तट बांधला, तलाव केला. जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. पुढे भोसले आले, लोकांच्या तोंडी तो शुक्रवारी तलाव झाला. आणखी पुढे गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजा होता, त्याला आज आपण गांधी गेट म्हणतो. तलाव तोच, दरवाजा तोच, पाटी बदलत गेली. माझी आई अखेरपर्यंत 'जुम्म्याकडे जाऊन येते' म्हणायची. आमच्या घरात उर्दूचा एक शब्द कोणाला येत नव्हता.

हे सगळं सांगून राहिलो ते यासाठी की तिकडे जायचं तर काम काढून जा. काही विकत घे, काही दुरुस्त करायला दे, कोणाचा निरोप पोचव. रिकाम्या हातानं गेलेल्या माणसाशी त्या गल्ल्या बोलत नाहीत.

डी-२०२: काका लय भारी लिहिलं. पण पार्किंगचं सांगा ना, गाडी कुठं लावायची?

ए-२०१ काका: गाडी नेऊच नका. मेट्रोनं जा. इकडून ऑरेंज लाइननं सीताबर्डी, तिथं ॲक्वा लाइन पकडायची, चितार ओळी चौकावर उतरायचं. डिसेंबर २०२२ ला तो पट्टा सुरू झाला तेव्हा मी उगीच दोनदा जाऊन आलो. ज्या चौकात पोरवयात गणपतीची माती तुडवायला जायचो, तिथं आता सरकत्या जिन्यानं उतरतो आपण.

बी-३०४ काकू: काम काढून जायचं ना? मग माझं काम करशील का गं? नातवासाठी लाकडाचा नंदी पाहिजे. तान्ह्या पोळ्याला. चाकाचा हवा, नुसता उभा नको. मागच्या वर्षी ऑनलाइन मागवला तर पुठ्ठ्याचा निघाला.

बी-५०२: नक्की काकू! पण तान्हा पोळा म्हणजे नेमकं काय? पुण्यात नाही असं काही.

बी-३०४ काकू: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात. पोरांना खाऊ, पैसे मिळतात. भोसल्यांच्या वाड्यातला लाकडी बैल तर मिरवणुकीनं निघतो, केवढा मोठा!

सी-१०१: आणि त्याच दिवशी मारबत. ते पाहायला तर थांबायलाच पाहिजे होतं त्यांनी. काळी आणि पिवळी, दोन मोठ्या बाया, कागद-बांबूच्या. १८८० च्या दशकापासून निघतात. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावभर फिरवतात आणि जाळतात. बरोबर बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात, त्यात त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला तो सगळा येतो. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे. कोणीच सुटत नाही.

ए-२०१ काका: पिवळी जगनाथ बुधवारीत बनते. आठ दिवस आधी गेलं तर सांगाडा चढलेला दिसतो. मला विचारशील तर बनताना पाहण्यातच मजा. निघते त्या दिवशी तं डोकीच दिसतात.

सी-१०१: माझंही काम लिहून घ्या वहिनी. भिवापुरी मिरची एक किलो, किराणा ओळीतून. आणि जवसाचं तेल, अर्धा लीटर. घरी सावजी करायचं आहे रविवारी.

सेक्रेटरी (ए-१०२): विषय निघालाच आहे तर, सोसायटीच्या गणपतीची मूर्ती अजून सांगायची आहे. मातीची, अडीच फूट. चितार ओळीत जाताच आहात तर बयाणा देऊन याल काय? पावती मात्र आणावी.

बी-५०२: 😄 चार कामं झाली. सासरे म्हणतात, सहल नाही ही, ड्युटी आहे. पण खूश दिसतायत.

ए-२०१ काका: बरोबर चाललं. एकच सूचना. तिकडे पत्ता ओळीनं आणि चौकानं सांगतात. लोहा ओळ, पोहा ओळ, रेशम ओळ, सराफा. ज्या ओळीत जो माल तेच तिचं नाव. मोबाइलवरचा नकाशा खिशात राहू दे, तोंडानं विचार.

*शनिवार, रात्री*

बी-५०२: आत्ता आलो. पाय गेले. पण सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

चितार ओळीत उतरलो आणि धो धो पाऊस. मूर्तिकारांनी अर्ध्या गणपतींवर प्लॅस्टिक ओढलं आणि आम्हाला म्हणाले, आत या, तिथं भिजू नका. म्हणून आम्ही पाऊण तास सोंड नसलेल्या गणपतींमध्ये बसलो. सासरे पूर्वी ड्रॉइंगचे शिक्षक. त्यांनी विचारलं, डोळे शेवटी का काढता? एक आजोबा म्हणाले, आधी काढले तर तो पाहत राहतो, मग हात चालत नाही. नुसता फोटो काढायला गेलो असतो तर त्यांनी एवढं बोललं असतं असं वाटत नाही. बयाणा देणारं गिऱ्हाईक म्हणून बसवलं.

सेक्रेटरी साहेब, पावती आहे. अडीच फुटाच्या वर पाट वेगळा, असं ते म्हणाले.

सेक्रेटरी (ए-१०२): नोंद घेतली. पाटाबद्दल मीटिंगमध्ये ठरवू.

बी-५०२: मग नंदी. काकू, दुकानदारानं आधी विचारलं, पोरगा किती वर्षांचा? चार म्हटल्यावर मोठा काढलेला बैल परत ठेवला आणि मधला दिला. म्हणे हा ओढताना पोराच्या टाचेला लागत नाही. शिंगांना पितळी टोपणं आहेत. फोटो पाठवते.

बी-३०४ काकू: अगं बाई किती सुंदर ❤️ कितीला?

बी-५०२: सगळा हिशेब शेवटी. आता मजा ऐका. इतवारीत वाट चुकलो. एका टेलरना विचारलं, तर म्हणाले, नंगा पुतळ्यापर्यंत सरळ जा, मग डावीकडे. मला वाटलं चुकीचं ऐकलं. सासूबाईंनी पुढच्या चौकात मोठ्यानं विचारलं, "अहो, तो उघडा पुतळा कुठंय?" भर बाजारात! तर एक काकू हातगाडीवरून ओरडल्या, "उघडा नाही हो, नंगा!"

सी-१०१: 😂😂😂 चौकाचं नावच ते आहे वहिनी

ए-२०१ काका: आमच्या शाळेतल्या मास्तरांनासुद्धा ते नाव घ्यावं लागायचं. सासूबाई आता नागपूरकर झाल्या.

बी-५०२: जगनाथ बुधवारीत पिवळी मारबत पाहिली. नुसता सांगाडा आणि डोकं. सासूबाईंनी नमस्कार केला, मग विचारलं, हिला जाळणार ना, मग नमस्कार कशाला? तिथल्या बाई म्हणाल्या, आपली पीडा घेऊन चालली आहे, तिचे पाय नको का धरायला.

हे मी गाडीत परत परत आठवत होते.

संध्याकाळी सी-१०१ दादांनी नाव काढलं होतं ते सावजी खाल्लं. सासूबाईंनी पाटोडी रस्सा मागवला, शाकाहारी म्हणून निर्धास्त होत्या. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. पूर्ण वाटी संपवली मात्र. सासरे म्हणाले, ही विणकरांच्या घरची भाजी आहे, आपल्या घरची नाही, तेव्हा तक्रार करायची नाही.

सी-१०१: बरोबर बोलले. कोष्टी लोकांचंच जेवण ते.

बी-५०२: एकच गोष्ट खटकली. परत येताना मेट्रोपर्यंत रिक्षा केली, पुणेरी मराठी ऐकून दुप्पट पैसे घेतले असा संशय आहे.

ए-२०१ काका: संशय नाही, खात्री धर. पुढच्या वेळी 'कितीले चालून राहिला भाऊ' असं विचारायचं.

बरं, गांधी गेट पाहिलं का?

बी-५०२: खालून दोनदा गेलो काका. पहिल्यांदा कळलंच नाही की तोच दरवाजा. दुसऱ्यांदा सासरे कमानीखाली थांबले आणि मागून सगळी वाहनं ओरडायला लागली.

ए-२०१ काका: तसंच पाहायचं असतं ते.

डी-२०२: उद्या पाणी येणार का टाकीला? आज पण कमी दाब होता

बी-५०२: हिशेब: नंदी ४५० (काकू). मिरची आणि तेल मिळून ६२० (सी-१०१). बयाणा २,००० (सोसायटी). सासरे म्हणतायत रविवारची गाडी संध्याकाळची आहे, सकाळी अजून कोणाचं काही काम असेल तर सांगा.

बी-३०४ काकू: हो हो, माझा एक पितळी गंज (पातेलं) आहे कल्हईला द्यायचा. सातला दारात आणून ठेवते.