प्रतिसाद: कौलारू घर, ५ मीटरचा दांडा, कोणती अँटेना?

देवगडकडचं घर, वर सडा (कातळाचं पठार), दांडा जेमतेम ५ मीटर, आणि हॅम (हौशी) रेडिओसाठी ९ डीबी गेनची लांबलचक अँटेना घ्यावी का, असं विचारलंत. माझं मत, नको. गेन म्हणजे ताकद एका दिशेला एकवटणं; डीबी हे त्याचं माप. जास्त गेन म्हणजे लहर क्षितिजाकडे चपटी होते. उघड्या समुद्राकडे ते चांगलंच, पण वाडीत ती थेट माडांच्या झावळ्यांत घुसते, सड्यावरच्या स्टेशनला मात्र कमी मिळते. १४५ मेगाहर्ट्‌झला (हॅमच्या नेहमीच्या वारंवारतेला) तांब्याच्या पाइपची दीडेक मीटरची जे-पोल, म्हणजे इंग्रजी J सारखी अँटेना, पुरते. तिला रेडियल (बुडाशी पसरायच्या आडव्या तारा) लागत नाहीत.

आधी उंची वाढवा. रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर जिथवर पोचते ते अंतर, किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ गुणिले उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ. ५ मीटरला सव्वानऊ, ९ मीटरला सव्वाबारा. समोरच्या स्टेशनचं क्षितिज त्यात मिळवायचं.

केबलवर कंजुषी नको. आरजी-५८ या बारीक केबलची १५ मीटर तार १४५ला जवळपास निम्मी ताकद खाते, जाड आरजी-२१३ घ्या. खाऱ्या वाऱ्यात कनेक्टर आधी सडतो. मी एकदा नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. श्रावणात उघडलं तर आत हिरवं पाणी! तेव्हापासून आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, मग वरून साधी.

आणि हो, विजा सुरू झाल्या की केबल काढून ठेवा.