प्रति: खेळ अडखळतो म्हणून असेंब्ली?

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या गेम यंत्रावर खेळ अडखळत असेल तर दशांश अपूर्णांक टाळा आणि सी भाषा सोडून असेंब्लीत (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायच्या भाषेत) लिहा, असा सल्ला वर कोणीतरी दिलाय; त्यातला असेंब्लीचा भाग मला घाईचा वाटतो. दशांश अपूर्णांक टाळा, हे मात्र शंभर टक्के खरं. त्या प्रोसेसरला साधा भागाकारसुद्धा हार्डवेअरमध्ये येत नाही. पण कोड कुठे ठेवलाय, याबद्दल अजून कोणीच बोललेलं दिसत नाही. कार्ट्रिजकडे (खेळाच्या कॅसेटकडे) जाणारी बस, म्हणजे माहिती ने-आण करणारा मार्ग, १६ बिटांची आहे. या प्रोसेसरच्या सूचना दोन प्रकारच्या: ३२ बिटांच्या एआरएम आणि १६ बिटांच्या थम्ब. कार्ट्रिजमधून ३२ बिटांची एआरएम सूचना आणायची तर दोन खेपा, वर प्रत्येक खेपेला ताटकळणं वेगळं. म्हणून कार्ट्रिजमधला कोड थम्ब सूचनांमध्ये कंपाइल करायचा (म्हणजे सीमधून रूपांतरित करायचा) आणि सतत फिरणारी दोन-चार फंक्शनं, उदाहरणार्थ टक्कर तपासणी किंवा आवाजाचं मिक्सिंग, एआरएममध्ये कंपाइल करून आतल्या ३२ केबी रॅममध्ये टाकायची. तीच रॅम ३२ बिटांची आणि विनाविलंब चालणारी. देवकिटएआरएम या कंपायलर-संचासोबतच्या लिबजीबीए लायब्ररीत फंक्शन त्या रॅममध्ये टाकण्यासाठी तयार मॅक्रो (छोटा शब्दसंकेत) आहे, कोड मेमरीत कुठे जाईल हे ठरवणाऱ्या लिंकर स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. स्टॅकही (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) तिथेच असतो, तेव्हा ठासून भरू नका.

शिवाय कार्ट्रिजचा प्रतीक्षाकाळ ठरवणारं रजिस्टर (हार्डवेअरची सेटिंग ठेवणारी जागा) सुरुवातीला फार सावध किमतीवर असतं. ते बदलून प्रीफेच (पुढच्या सूचना आधीच आणून ठेवणं) चालू करा. एका ओळीचं काम आहे. एवढं करूनही खेळ अडखळलाच तर असेंब्ली आहेच की.