मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाचीला रॉजर रॅबिट चालेल का?

सुट्टीत भाचरं येणारेत, धाकटी सहा वर्षांची, आणि त्यांना खरी माणसं आणि जुनी कार्टून्स एकत्र असलेला पिक्चर दाखवायचाच आहे. मनात 'लूनी ट्यून्स: बॅक इन अ‍ॅक्शन' आहे, २००३चा, ब्रेंडन फ्रेझरवाला. त्यात लूव्र म्युझियममध्ये शिकारी एल्मर बंदूक घेऊन बग्ज ससा आणि डॅफी बदकाच्या मागे लागतो आणि तिघं थेट पेंटिंग्जमध्येच घुसतात, दालीच्या वितळलेल्या घड्याळांच्या चित्रात गेले की तेही तसेच वितळल्यासारखे होतात, तो सीन मला प्रचंड आवडतो. बाकी स्टोरी मात्र जरा विस्कळीत आहे.

दुसरा ऑप्शन १९८८चा 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'. पिक्चर म्हणून कितीतरी सरस, मिकी आणि बग्ज एकाच सीनमध्ये आहेत राव! पण तो व्हिलन जज डूम त्या बिचाऱ्या कार्टून बुटाला डिपमध्ये, म्हणजे कार्टून्सना विरघळवणाऱ्या रसायनात, बुडवून मारतो ना, ते बघून धाकटी रडेल असं वाटतंय. एवढ्या लहान मुलांना कोणी दाखवलाय का? घाबरली का? आणि दोन्हींपैकी कुठला हिंदी डबमध्ये मिळेल का, तिला इंग्लिश अजून फारसं कळत नाही. प्लीज सांगा.